किल्ला नव्हे, मेढेकोट

एका भाषांतरकार वाचकाचा प्रश्न आहे. अमेरिकेत केंटकी राज्यात बून्सबरो नावाची छोटी ग्रामीण वस्ती आहे. ‘पायोनियर फोर्टवरून हे नाव पडलं’ याचं मराठी ‘अग्रणी किल्ल्यावरून’ असं केलं तर चालेल का?

नाही चालणार. ‘अग्रणी’ म्हटलं की किल्लाच सगळ्यांच्या पुढे चालायला लागतो. इथे पायोनियर म्हणजे नव्या मुलखात आधी येऊन घरं बांधणारे गोरे वसाहतवाले. ‘आधी’ हेही त्यांच्यापुरतंच, कारण शॉनी हे अमेरिकेतले मूळनिवासी लोक त्या रानात कितीतरी आधीपासून शिकार करत होते.

खरी अडचण ‘किल्ला’ची आहे. तो शब्द वाचला की आपल्याला रायगड दिसतो, निदान दगडी बुरूज तरी. या वसाहतवाल्यांचा म्होरक्या डॅनियल बून याने १७७५मध्ये केंटकी नदीकाठी जे उभारायला घेतलं ते सगळं लाकडाचं होतं. ओंडक्यांच्या खोल्यांची चौकोनी रांग, त्यांच्या पाठच्या भिंती हाच तट, आणि मधल्या फटी रोवलेल्या खांबांनी बुजवलेल्या. ‘गढी’ सुचते खरी, पण ती पांढऱ्या मातीची आणि एका पाटलाची किंवा देशमुखाची. इथे बरीच कुटुंबं दाटीवाटीने राहत होती.

याला आपला जुना, नेमका शब्द आहे: मेढेकोट. मेढ म्हणजे रोवलेला खांब, खळ्यात बैल बांधतात तोच. सप्टेंबर १७७८च्या वेढ्यात शॉनींनी पेटते पलिते फेकले, नदीकडून भुयारही खणायला घेतलं. पावसाने लाकूड भिजलं, भुयार ढासळलं, म्हणून कोट वाचला. ‘किल्ला’ लिहिलंत तर भिंत पेटते कशी, हे वाचकाला कळणारच नाही.

आता ‘बरो’. जुन्या इंग्रजीत ‘बुर्ह’ म्हणजे तटबंदीची जागा; एडिंबराच्या शेपटीला हाच शब्द, हॅम्बुर्गच्या शेपटीला त्याचा जर्मन भाऊबंद. बूनच्या काळापर्यंत मात्र ‘बरो’चा अर्थ साधं ‘नगर’ असा झाला होता. अक्कलकोट म्हणताना आपण तरी कोट कुठे शोधतो? मुंबईचा तट १८६०च्या दशकात पाडला, तरी ‘फोर्टला जाऊन येतो’ हे चालूच आहे.

माझा मसुदा असा: ‘डॅनियल बूनच्या मेढेकोटावरून नाव पडलेली वस्ती.’ वाचक अडखळेल असं वाटलं तर ‘लाकडी कोट’ करा. आणि ‘नगर’ नको, वस्तीच बरी. तिथे आज स्वतंत्र नगरपालिकाही नाही.