वर जाऊन थांबणं म्हणजे थांबणं नाही

पोरी,

तुझा रात्रीचा मेसेज तीनदा वाचला. सोलापूर-तुळजापूर-नळदुर्ग-सोलापूर अशी सायकलवर फेरी मारायची, तर दादा म्हणतो फास्टवाले आणि स्लोवाले असे दोन ग्रुप करू, फास्टवाले घाट चढून वर तुळजापुरात थांबतील, बाबा आणि काकू मागून येतील, आणि तुला ते पटतंय पण बाबांचा चेहरा डोळ्यासमोर आला की पटत नाहीये. जमेल का, झेपेल का असलं काही तू विचारलं नाहीस ते बरं केलंस. दोन ग्रुपचं उत्तर सरळ आहे. नाही. वर जाऊन थांबणं म्हणजे थांबणं नाही.

का ते बघ. तू वर पोचलीस, पाणी प्यायलीस, चहा झाला, फोटो झाले, वीस मिनिटं पाय पसरून बसलीस. मग बाबा येणार, शर्ट पाठीला चिकटलेला, तोंडाला कोरड, आणि ते स्टँड लावायच्या आत तू म्हणणार, आलात? चला मग! म्हणजे ज्याला दम खायचाय त्याला शून्य मिनिटं आणि ज्याला गरज नाही त्याला वीस. दिवसभर हेच होतं आणि संध्याकाळी परतताना बोरामणीपाशी बाबा गप्प का झालेत म्हणून तुम्ही एकमेकांची तोंडं बघत बसता.

लोक म्हणतात सोलापूरला कुठला आलाय डोंगर. बालाघाटची ती कड आपल्यापेक्षा जेमतेम दोनशे मीटर उंच, पुण्याकडचे हसतील. पण ती लागते चाळीसेक किलोमीटर झाल्यावर, तामलवाडीपर्यंत बडबडत आरामात आलेल्या पन्नाशीच्या माणसाला. बाबांची सायकल अजून बिनगिअरचीच ना? मग ते उतरून ढकलणार. ढकलू देत. तू पण उतर आणि ढकल त्यांच्याबरोबर, गिअर आहेत म्हणून चढवलीच पाहिजे असा काही कायदा नाही.

आता माझं सांगतो, सांगणार नव्हतो. 2009 च्या डिसेंबरात मी, माझा पोरगा आणि माझा धाकटा भाऊ याच रस्त्यानं निघालो. घाट लागला तसं मी भावाला म्हणालो, तू ये निवांत, मी पुढं जाऊलालो, वर थांबतो. आणि थांबलो की, इमानदारीत थांबलो, दोन चहा झाले. हा येईना. खाली वळणावर त्याची मागची ट्यूब गेली होती आणि पंप माझ्या फ्रेमला, पंक्चरचं सामान माझ्या पिशवीत, तिघांचं जेवण मात्र त्याच्या कॅरिअरला. फोन सायलेंटवर होता माझा. परत खाली गेलो तोवर तो सायकल टेम्पोत टाकून घरी निघून गेला होता. रस्त्याकडेच्या दगडावर कडक भाकरीचा अर्धा तुकडा आणि सांडलेली शेंगाचटणी, तिला मुंग्या लागलेल्या.

खरं सांगू, मी चुकलो असं मला कितीतरी वर्षं वाटलंच नाही. घाटात एकदा लय तुटली की परत पाय लागत नाहीत, हे खोटं नाहीये. आणि निघायच्या आधी ट्यूब बघायला नको त्यानं? बघायलाच पाहिजे होती, हे मी भावजयीसमोर पण बोललोय आणि आजही बोलेन. पण तो त्यानंतर सायकलवर बसला नाही. सगळं बोलतो, ऊस, पाऊस, पोरांची लग्नं. सायकल सोडून.

तू म्हणशील काका तुम्ही तर बीआरएम करता, ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या त्या लांब पल्ल्याच्या सायकल राईड, तिथं कुठं थांबता कुणासाठी. नाही थांबत. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 600 ला 40 तास, घड्याळाशी भांडण असतं ते आणि तिथं प्रत्येकजण आपापला. घरच्यांबरोबर जाताना ते घड्याळ घरी ठेवायचं. कोजागरीच्या पौर्णिमेला आपल्याकडची माणसं रात्रभर चालत तुळजापूरला जातात, आमची आई जायची, तिच्या घोळक्यातली एक म्हातारी दर मैलाला बसायची, की सगळ्या बसायच्या. फास्ट ग्रुप काढू असं त्यातली एकही बाई कधी म्हणाली नाही गं.

तर काय करायचं ते ऐक. पहाटे पाचला निघा, लाईट लावून, उसाचा सीझन आहे, ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि रिफ्लेक्टरचा पत्ता नसतो. दादाला सगळ्यात मागे ठेव, हो, दादालाच, पायात जोर आहे ना त्याच्या, आणि पंप, पाने, पॅच सगळं त्याच्याकडे. बाबा पुढे. ते ज्या स्पीडनं जातील तो स्पीड. थांबलात की बाबा बसल्यापासून मिनिटं मोजायची, तू बसल्यापासून नाही. दहापर्यंत तुळजापूर झालं तर नळदुर्गला वळा, नाहीतर आल्या रस्त्यानं परत, पूर्ण फेरी सव्वाशेच्या आसपास जाते आणि नळदुर्ग किल्ल्यातला पाणीमहाल कुठं पळून जात नाही, आदिलशाहीपासून बोरी नदीत उभाच आहे. हिवाळ्यात वारा बहुतेक पूर्वेचा, नळदुर्गहून येताना पाठीवर मिळेल. त्या वाऱ्यावर तुम्ही सगळे सुसाट सुटणार, आणि बाबा परत मागे. तेव्हा आठव मी काय म्हणालो ते. इटकळला चहाला जाऊन बसू नको, मागे वळून बघ.

दादा चिडेल. चिडू दे. त्याला हवं तर पुढच्या रविवारी एकट्यानं जाऊन घाट तीनदा चढ म्हणावं, मी टायमिंग लावून देतो.

आणि तो मागे राहायला नाहीच म्हणाला तर मला कळव, माझा डावा गुडघा चढाला कुरकुरतो, मी तसाही मागेच असतो. शनिवारी भावाला पण फोन करून बघतो, येतोस का म्हणून. नाहीच म्हणणार तो, सायकलचे टायर पण केव्हाच कुजले असतील त्याच्या.