रानावनावर लिहून पोट भरतं का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मी अमेरिकेत मिनेसोटात राहतो, ग्रीन कार्ड आहे. दर नोव्हेंबरात परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातो. इथल्या शिकारीच्या मासिकांत इंग्रजीत लिहून नोकरी सोडता येईल का? पहिला लेख कसा विकायचा?
— एक वाचक, रोचेस्टर

उत्तर : नोकरी एवढ्यात सोडू नका. कारण हिशोबात आहे. प्रादेशिक मासिकं शब्दाला साधारण 10 ते 25 सेंट देतात, मोठी नावं त्याहून बरीच जास्त. पण मोठ्या नावांची संख्या घटली आहे. 1895 पासूनचं ‘फील्ड अँड स्ट्रीम’ काही वर्षं छपाईतून गेलं आणि 2024 मध्ये नव्या मालकांकडे परत छापलं जाऊ लागलं. 1898 चं ‘आउटडोअर लाइफ’ आता वेबवरच आहे.

समजा 1,800 शब्दांचा लेख 25 सेंट दराने गेला. हातात 450 डॉलर. त्यातून पेट्रोलचे 120 आणि दोन रात्रींच्या मोटेलचे 160 वजा केले की उरले 170. वर्षभराचा निव्वळ नफा 400 डॉलरच्या पुढे गेला की त्यावर 15.3 टक्क्यांच्या आसपास स्वयंरोजगार कर, शिवाय नेहमीचा आयकर. म्हणजे चार दिवसांच्या कामाचे दीडशे डॉलरही पुरते हाती लागत नाहीत.

या धंद्यावर जगणारी माणसं एका लेखावर जगत नाहीत. एकाच फेरीतून ती चार-पाच गोष्टी विकतात : मुख्य लेख एका मासिकाला, फोटो वेगळ्या ठिकाणी, मांस टिकवण्याची कृती तिसऱ्याला, बुटांवरची टिपणी चौथ्याला. त्यावर स्थानिक वृत्तपत्रातलं साप्ताहिक सदर किंवा सामानाच्या कॅटलॉगचा मजकूर. सदराचे पैसे थोडे असतात, पण दर आठवड्याला येतात, आणि घरभाडं त्यावरच निघतं.

आता पहिल्या लेखाचं. ‘माझी पहिली शिकार’ कुणी विकत घेत नाही. तसले लेख संपादकाकडे ढिगाने येतात. विकली जाते ती नेमकी, वापरता येणारी माहिती. उदाहरणार्थ, सार्वजनिक जमिनीच्या छोट्या तुकड्यावर वारा वायव्येकडून दक्षिणेला फिरला तर बसायची जागा कोणती आणि तिथे कुठल्या वाटेने जायचं. मागचे बारा अंक काढा आणि कोणता मजकूर पगारी संपादकांचा, कोणता बाहेरच्या लेखकांचा, हे श्रेयनामावलीशी, म्हणजे अंकातल्या संपादकांच्या यादीशी, ताडून पाहा. बहुतेक ठिकाणी पुढच्या पानांवरचे 300 ते 600 शब्दांचे छोटे तुकडे नवख्यांना मिळतात. सुरुवात तिथून करा.

प्रस्तावाचं पत्र एका पानाचं हवं. पहिल्या परिच्छेदात लेखाचा मुद्दा, दुसऱ्यात त्यात नवं काय आणि कुणाशी बोलणार (राज्याच्या वन्यजीव खात्यातला जीवशास्त्रज्ञ असला तर उत्तम), मग शब्दसंख्या, चौकटीतला मजकूर आणि हाताशी असलेले फोटो. स्वतःची ओळख शेवटी, दोन ओळींत. वेळेचं गणित इथेच चुकतं. नोव्हेंबरचा अंक उन्हाळ्यात बांधला जातो, आणि त्याला लागणारे पानगळीचे, पहिल्या बर्फाचे फोटो उन्हाळ्यात कुठून आणणार? म्हणून या नोव्हेंबरात फोटो काढा, जानेवारी-फेब्रुवारीत पत्र पाठवा, पुढच्या नोव्हेंबरात छापून येईल.

चांगला लेखही फोटोंपायी परत येतो. मिनेसोटात बंदुकीच्या हंगामात भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडे सक्तीचे आहेत. ते नसलेला फोटो संपादक घेणार नाही. बंदुकीची नळी कुणाकडे रोखलेली नको, बोट चापावर नको. ट्री स्टँडवर, म्हणजे आपल्या मचाणावर, बसलेल्या माणसाच्या अंगावर पूर्ण हार्नेस, म्हणजे पडण्यापासून वाचवणारा पट्टा, दिसलाच पाहिजे. मेलेल्या हरणाचं रक्त पुसलेलं आणि जीभ तोंडात हवी; माणूस त्याच्यावर बसलेला नसावा. फोटो उभे आणि आडवे दोन्ही काढा. मुखपृष्ठाला उभाच लागतो, वर नावासाठी मोकळी जागा ठेवून.

दुसरा सापळा नियमांचा. मिनेसोटात हरणाला आमिष घालणं बेकायदा आहे, शेजारच्या विस्कॉन्सिनात काही काउंट्यांत चालतं. हरणांच्या क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या जीवघेण्या रोगामुळे काही भागांतून अख्खं धूड बाहेर नेता येत नाही, आणि या भागांच्या सीमा बदलत राहतात. लेखात नियम लिहिलात तर त्या वर्षीच्या सरकारी पुस्तिकेशी ताडून पाहा. वाचकाला दंड झाला तर संपादक तुमच्याकडून पुन्हा लेख मागणार नाही.

करारात दोन जागा बोट ठेवून वाचा. हक्क ‘उत्तर अमेरिकेतील प्रथम प्रकाशनाचे’ आहेत की ‘सर्व हक्क’? सर्व हक्क दिले की वर सांगितलेली चार-पाच विक्र्यांची वाट तिथेच बंद. आणि पैसे स्वीकृतीवर की प्रकाशनावर? प्रकाशनावर असतील तर वर्षभर थांबायची तयारी ठेवा, आणि लेख स्वीकारून न छापल्यास ठरावीक रक्कम मिळेल असं लिहून घ्या. ‘आउटडोअर रायटर्स असोसिएशन ऑफ अमेरिका’ ही 1927 पासूनची संघटना आहे; सभासद व्हायला छापून आलेलं काम दाखवावं लागतं, तेव्हा तो विचार पाच-सहा लेखांनंतर.

जाता जाता : याच विषयावर मराठीतही लिहा. शिकारीवाल्यांच्या पैशातून तिकडे वन्यजीव खाती कशी चालतात, हे इथल्या वाचकाला फारसं ठाऊक नसतं. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवर 11 टक्के अबकारी कर लागतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव कामाला जातो. त्यावर कुणी दिवाळी अंकात नीट आकड्यांनिशी लिहिलं तर आम्ही आनंदाने वाचू.

प्रश्न : मी टेक्ससमध्ये एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आहे. सुट्टीत शिकारीला जातो. भारतातल्या मासिकासाठी लिहिलं आणि पैसे पुण्याच्या खात्यात घेतले तर चालेल ना?
— एक वाचक, ऑस्टिन

उत्तर : नाही. एच-वन-बीवर काम फक्त ज्या कंपनीने अर्ज केला तिच्यासाठीच. पैसे कुठल्या खात्यात आले यापेक्षा काम करताना तुम्ही कुठे बसला होता, हे महत्त्वाचं. ऑस्टिनमध्ये बसून लिहिलेला मानधनी लेख म्हणजे अमेरिकेत केलेलं काम, आणि परवानगीशिवाय केलेल्या कामाचा डाग पुढे ग्रीन कार्डाच्या अर्जात निघतो. पत्नी किंवा पती एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर असून त्यांच्याकडे कामाचा परवाना असेल तर ते लिहू शकतात, स्वतःच्या नावाने आणि खरोखर स्वतः लिहून. एरवी टिपणं आणि फोटो साठवत राहा आणि इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण हेही सांगायला हवं. अशा तात्पुरत्या व्हिसावर बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला संघीय कायद्याने मनाई आहे. मोठा अपवाद एकच : कुठल्याही राज्याचा चालू शिकार-परवाना. परवान्याची मुदत संपलेली असताना मित्राची रायफल चांदमारीच्या मैदानावर हातात घेतली तरी ते ‘बाळगणं’ ठरू शकतं.

प्रश्न : कंपन्या परीक्षणासाठी बूट, दुर्बिणी फुकट पाठवतात म्हणे. घ्याव्यात का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : घ्या, पण लेखात तसं लिहा, आणि संपादकाला आधी कळवा. काही मासिकं वस्तू परत पाठवायला लावतात, आणि ते बरं असतं. परीक्षणात कॅटलॉगमधलं वजन उतरवू नका; बूट स्वयंपाकघरातल्या काट्यावर कोरडा आणि भिजवून, दोनदा तोला. किती तासांत वाळला ते लिहा.

प्रश्न : मी सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर, घाटवाटांवर लिहितो. मराठीत यावर पूर्णवेळ जगता येईल?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नुसत्या लेखांवर नाही. मराठी नियतकालिकांचं मानधन प्रवासखर्चालाही क्वचितच पुरतं. जे टिकलेत ते लेखनाबरोबर ट्रेक नेतात, फोटो विकतात, व्याख्यानं देतात, इंग्रजीत लिहितात. लेख हे त्यांचं नाव वाचकापर्यंत नेतात. त्या अर्थी फुकट जात नाहीत.

दिवाळी अंकासाठी संपादकाला विषय एप्रिल-मेमध्ये सांगा, लेख जुलैअखेर द्या. सप्टेंबरात पाठवलेला लेख बहुधा पुढच्या वर्षावर जातो.

लेखात काय हवं? ‘टाक्यात पाणी आहे’ हे अर्धवट वाक्य आहे. कोणत्या महिन्यात पाहिलं, पिण्यासारखं होतं का, ते लिहा. अंतर किलोमीटरपेक्षा तासांत सांगा, आणि कुणाच्या चालीने तेही. पायथ्याच्या गावाहून शेवटची एसटी किती वाजता, कोणत्या आगाराची, हे स्थानकावर विचारून घ्या. हरिश्चंद्रगडाला पाचनईची वाट सोपी. नळीची वाट मात्र कातळारोहणाची तयारी असलेल्यांची. दोन्हींना एकाच परिच्छेदात ‘सुंदर’ म्हणणारा लेख धोकादायक आहे. आग्या मोहोळं कोणत्या कड्यावर लागतात ते आवर्जून द्या. गिधाडांच्या घरट्यांचा नेमका ठिकाणा मात्र देऊ नका.

हरिश्चंद्रगड हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अभयारण्यात शिरायला आणि फोटो काढायला वनखात्याची परवानगी लागते. नाक्यावरच्या पावतीत व्यावसायिक चित्रीकरण बसतंच असं नाही, आधी वनाधिकाऱ्याला विचारा. ड्रोन तर परवानगीशिवाय बॅगेतच ठेवा.

हक्कांविषयी मराठीत बोलायला लोक लाजतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचं हस्तांतर लेखी हवं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. लेख पाठवतानाच ई-मेलमध्ये एक ओळ टाका : ‘या अंकापुरता प्रथम प्रकाशनाचा हक्क.’ पुढे पुस्तक करताना ही ओळ कामी येते.

प्रश्न : आजोबांच्या 1950-60 च्या दशकातल्या शिकारीच्या वह्या सापडल्या आहेत. भिंतीवर बिबट्याचं कातडंही आहे. छापलं तर कायद्याचा त्रास होईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वह्या छापायला हरकत नाही. शिकारीवर बंदी आणणारा वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याआधीचं वर्णन हा इतिहास आहे. साल, जंगलाचं तेव्हाचं नाव, संस्थानी परवाना की सरकारी, हे तळटीपेत द्या. जनावरं कुठे आणि किती दिसत याच्या नोंदी अभ्यासकांना मोलाच्या वाटतील, तेव्हा त्या कापू नका. शौर्याचे परिच्छेद कापलेत तरी चालेल.

कातड्याचं वेगळं आहे. त्याचं मालकी प्रमाणपत्र घरात शोधा. वारशाने आलेली अशी वस्तू 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जाहीर करावी लागते; विकता किंवा भेट देता येत नाही. प्रमाणपत्र सापडत नसेल तर कातड्याचा फोटो पुस्तकात टाकायच्या आधी वकिलाला भेटा, आणि तोवर कातडं आहे तिथून हलवू नका.