शाळेच्या सूचना कानडीत येतात, बाईंशी बोलायला संकोच वाटतो. काय करावं?

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, दोन्ही मुलं सरकारी मराठी शाळेत. हीच अडचण माझीही होती. वरून आलेली कानडी परिपत्रकं व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जशीच्या तशी पडायची. शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा दाखला लागतो, हे मला अगदी शेवटच्या दिवशी कळलं. मग बाईंना गाठून सरळ म्हटलं, “बाई, कागदाखाली दोन ओळी मराठीत लिहाल का? नाहीतर बोलून तरी पाठवा.” त्या लगेच तयार झाल्या. आम्हाला कळत नाही, हे त्यांना तोवर कुणी सांगितलंच नव्हतं!

तेव्हा आधी बोला. प्रार्थनेच्या गडबडीत नको, शाळा सुटल्यावर दहा मिनिटं मागून घ्या. आणि पहिलीच भेट तक्रारीची नसावी. माझी धाकटी वर्गात गप्प बसायची. घरी ती आजीला धडा वाचून दाखवते, हे मी सांगितल्यावर बाईंनी तिला रोज एक उतारा मोठ्यानं वाचायला दिला. महिन्याभरात पोरगी हात वर करायला लागली.

एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीच्या बैठकीला मात्र जाच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण निम्म्या महिला, म्हणून घरातल्या बाईमाणसालाही पुढे करा. भात लावणीच्या दिवसांत दुपारची बैठक ठेवली तर शेतातून कोण येणार? आम्ही ती संध्याकाळी घ्यायला लावली.