अक्कलदाढ नेमकी कुणाकडे काढायची?

प्रश्न: ताई, आम्ही भांडुपला राहतो. सासरे ६४ वर्षांचे आहेत, त्यांची खालची डावी अक्कलदाढ हाडात आडवी अडकलीय. दर दोन महिन्यांनी गाल सुजतो, अँटिबायोटिकचा कोर्स केला की उतरतो, परत सुजतो. आमचे नेहमीचे डेंटिस्ट म्हणाले नस जवळ आहे, मी हात लावणार नाही, ओरल सर्जनकडे न्या. तीन वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झालीय, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, शुगर पण आहे. नेटवर बघितलं तर ठाण्यापासून टाऊनपर्यंत सगळेच स्पेशालिस्ट आणि सगळ्यांनाच पाच स्टार. कुणावर विश्वास ठेवायचा?

उत्तर: आधी तुमच्या डेंटिस्टचे आभार माना, कारण "मी करणार नाही" असं पेशंटला तोंडावर सांगणारा डॉक्टर मिळणं सोपं नाही. मी स्वतः दादरला प्रॅक्टिस करते आणि अशी दाढ मी पण पुढेच पाठवते. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते, खालच्या ओठाची आणि हनुवटीची जाणीव तिच्यावर असते, आणि आडव्या दाढेची मुळं कधीकधी तिला अगदी चिकटून असतात. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, दुसरीकडे कुठेतरी घाईत दाढ काढून घेतलेली, चहा पिताना ओठावरून ओघळ आला तरी त्यांना कळायचं नाही, सारखा रुमाल हनुवटीला लावून बसायच्या. पूर्ण जाणीव यायला सहा महिने गेले. तेव्हापासून मी पेशंटला चिठ्ठी देताना दोन मिनिटं जास्त बोलते.

आता शोधायचं कसं, तर बोर्डावरचा "स्पेशालिस्ट" हा शब्द वाचूच नका, डिग्री वाचा. बीडीएस झाल्यावर तीन वर्षांचं एमडीएस असतं आणि ते एका विषयात असतं. रूट कॅनालवाले वेगळे, हिरड्यांचे वेगळे, तारा लावणारे वेगळे, तुम्हाला हवंय ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरीतलं एमडीएस. नुसतं एमडीएस लिहिलेलं असेल तर सरळ विचारा, "डॉक्टर, एमडीएस कशात?" यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नसतं. महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर पण मागता येतो.

मुंबईत अजून एक गोष्ट बघायची, जी पेशंटला माहीतच नसते. बऱ्याच क्लिनिकमध्ये ओरल सर्जन रोज बसत नाहीत, ठरलेल्या वारी येतात, ऑपरेशन करतात आणि पुढच्या क्लिनिकला जातात. त्यात चूक काही नाही, आम्ही पण तसंच बोलावतो, पण विचारून घ्या की दाढ नक्की कोण काढणार, ते सासऱ्यांना आधी एकदा तपासणार का, आणि रात्री अकराला रक्त थांबलं नाही तर फोन कुणाला करायचा. या तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर दुसरीकडे जा, मग स्टार कितीही असू देत.

तुमच्या जागी मी असते तर टीचिंग हॉस्पिटलला नेलं असतं. सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात गव्हर्नमेंट डेंटल कॉलेज आहे, भांडुपहून ट्रेन न बदलता जाता येतं. दुसरं म्हणजे मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर डेंटल. दोन्हीकडे ओरल सर्जरीचा वेगळा विभाग आहे, शिकणारे डॉक्टर सीनियरच्या हाताखाली काम करतात, खर्च खासगीपेक्षा खूप कमी. गर्दी असते, केसपेपरच्या लाइनीत उभं राहावं लागतं, पुढची तारीख मिळते, हे धरूनच जा. पण हार्ट पेशंट म्हटल्यावर मोठं हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर असलेलं बरं.

जाताना सगळ्या गोळ्यांची स्ट्रिप, अँजिओप्लास्टीचे पेपर आणि ताजा एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा) रिपोर्ट न्या. आणि कृपा करून रक्त पातळ करायच्या गोळ्या घरच्या घरी बंद करू नका!! शेजारचे सांगतात "पाच दिवस आधी बंद करा" आणि लोक करतात, अँजिओप्लास्टीत स्टेंट (नळीतली जाळी) बसवलेल्या माणसाला ते दाढेपेक्षा कितीतरी महागात पडू शकतं. बंद करायची की चालू ठेवायची हे हार्टच्या डॉक्टरांकडून लेखी आणा. हाडं ठिसूळ झाली म्हणून कधी इंजेक्शन घेतलं असेल तर तेही सांगा, त्यातल्या काही औषधांनी दात काढल्यावर जबड्याचं हाड कधीकधी नीट भरत नाही.

आधी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढतील, हनुवटी टेकवून, दातात प्लॅस्टिकची दांडी धरून उभं राहायचं आणि मशीन डोक्याभोवती फिरतं, दुखत वगैरे काही नाही. त्यात मुळं नसेवर आलेली दिसली तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन सांगतील, तो उगाच बिल वाढवायला नसतो. मुळं फारच चिकटलेली असली तर कधीकधी फक्त दाढेचा वरचा भाग काढून मुळं तशीच ठेवतात, हा पर्याय त्यांच्या केसमध्ये बसतो का ते विचारा.

तोपर्यंत सूज हनुवटीखाली उतरून कडक झाली, गिळता येईना, श्वास लागायला लागला तर तारखेची वाट बघू नका, त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या.

प्रश्न: भाऊ २९ वर्षांचा आहे. तंबाखू खात नाही, फक्त सुपारी. आता तिखट सहन होत नाही आणि वडापाव तोडून तोडून खातो. त्याला पण ओरल सर्जनकडेच न्यायचं का?

उत्तर: "फक्त सुपारी" हे मला रोज ऐकू येतं आणि खरंच वाईट वाटतं. गालाच्या आतलं अस्तर कडक करून तोंड आवळणारी सुपारीच असते, तंबाखू नसली तरी. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, सुपारी मात्र लग्नाच्या ताटात पण असते. त्याला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील तर आधी ओरल मेडिसिन (तोंडाच्या आजारांच्या) विभागात दाखवा, वर सांगितलेल्या दोन्ही कॉलेजांत आहे, सर्जरी लागली तर तेच पाठवतील. सुपारी आजपासून बंद, नाहीतर कुठलीच ट्रीटमेंट टिकणार नाही. आणि आत पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल, किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर बायोप्सीला टाळाटाळ करू देऊ नका. त्यात काही निघालंच तर परळचं टाटा हॉस्पिटल आहे. ओपीडीचे केसपेपर सकाळी निघतात, लवकर निघा आणि तुम्ही सोबत जा, एकटा पाठवलात तर अर्ध्या वाटेतून परत येईल.