फुटबॉल मॅनेजर या कॉम्प्युटर गेममध्ये गोव्याचा धेंपो क्लब घेऊन खेळतोय. मोहन बागानसारख्या तगड्या संघाविरुद्ध बचाव कसा लावू?

४-१-४-१ (चार बचावपटू, त्यांच्यापुढे एक, मग चार मिडफिल्डर आणि एक स्ट्रायकर) लावा, मेंटॅलिटी 'कॉशस' (सावध) ठेवा आणि बचावफळी एक पायरी खाली घ्या, पण अगदी गोलच्या तोंडाशी नेऊ नका. इथे मडगावात आम्ही मित्र गोव्याचेच क्लब घेऊन हा गेम खेळतो, आणि मोठी हार बहुतेक वेळा बचावाच्या मागच्या मोकळ्या जागेतून येते. ती जागा कमी केली की समोरच्या संघाच्या वेगवान विंगरना (कडेने धावणाऱ्या आक्रमकांना) धावायला मैदानच उरत नाही. मात्र सगळे अकरा जण मागे बसवले तर क्लिअर केलेला प्रत्येक चेंडू परत तुमच्याच अंगावर येतो. म्हणून एक चपळ स्ट्रायकर पुढे मोकळा सोडा आणि चेंडू मिळताच 'काउंटर' (झटपट प्रतिहल्ला) चालू ठेवा. इंग्लंडच्या लेस्टर क्लबने २०१५-१६ मध्ये चेंडूचा ताबा कमी ठेवून प्रीमियर लीग जिंकली, ती त्यांचा स्ट्रायकर वार्डीच्या अशाच धावांवर. गेमची आवृत्ती २६ असेल तर आणखी बरं: चेंडू नसतानाची रचना वेगळी लावता येते.

हे सगळं सेंटरबॅक (मधले बचावपटू) हेडिंगमध्ये पक्के असतील तरच चालेल, कारण खाली बसलात की क्रॉसचा (कडेने गोलसमोर टाकलेल्या चेंडूंचा) मारा होणारच. ते बुटके असतील तर फुलबॅकना (कडेच्या बचावपटूंना) विंगरच्या जवळ चिकटवा आणि क्रॉसच अडवा.