जहाज थांबेल का हो आपल्यासाठी?

प्रश्न: मे महिन्यात आम्ही चौघं दहा दिवसांच्या क्रूझवर निघालो आहोत. मी, हे, सासूबाई (वय ७१, गुडघे कुरकुरतात) आणि सोळा वर्षांचा मुलगा. बार्सिलोनाहून निघून लिव्होर्नो, चिवितावेक्किया, नेपल्स, कोटोर, सॅन्टोरिनी करत पिरियसला उतरायचं. ह्यांचं म्हणणं, “बंदरोबंदरी जहाजवाले काढतात त्या सहली महाग, शिवाय गाइडच्या झेंड्यामागे मेंढरांसारखं फिरायचं. आपलं आपण बघू.” मला मात्र आत्तापासूनच धक्क्यावर आम्ही चौघं आणि लांब जाणारं जहाज दिसतंय. कोणाचं ऐकावं?

उत्तर: कोटोरला त्यांचं, लिव्होर्नोला तुमचं. चेष्टा नाही करत. सगळ्या बंदरांसाठी मिळून एकच निर्णय घ्यायला बसलात की भांडण होणारच, कारण ही बंदरं एकमेकांसारखी नाहीतच. मी प्रत्येक बंदराला एकच प्रश्न विचारते: परत येताना वाटेत किती ठिकाणी घोटाळा होऊ शकतो? जातानाचं सोडा, जाताना उशीर झाला तर फार तर एक चर्च कमी बघू.

कोटोरला जहाज जुन्या गावाच्या तटबंदीसमोरच उभं असतं. तिथे सहल कशाला हवी? मुलाला किल्ल्यावर पिटाळा, तेराशे पन्नास पायऱ्या आहेत, जिरेल त्याची. तुम्ही सासूबाईंबरोबर चौकात सावलीला बसा.

लिव्होर्नोचं उलट. मालधक्क्यातून पायी हिंडता येत नाही, म्हणून आधी शटलनं गावात, तिथून सिटी बसनं स्टेशन, मग आगगाडी. फ्लॉरेन्सला जायला दीड तासाच्या आसपास लागतो, पिसाला वीसेक मिनिटं. साखळीत तीन कड्या, परतताना पुन्हा त्याच तीन. पिसा खुशाल स्वतः करा. फ्लॉरेन्स करायचंच असेल तर जहाजाच्या यादीत शेवटी शेवटी एक साधी नोंद शोधा: नुसती बस, गाइड नाही. सकाळी फ्लॉरेन्सला सोडतात, दुपारी ठरल्या जागेवरून उचलतात, मधले तास तुमचे. ती बसही जहाजाचीच सहल धरली जाते. ती रस्त्यात अडकली तर जहाज थांबतं, आणि अगदीच थांबता आलं नाही तर पुढच्या बंदरावर पोचवायची जबाबदारी त्यांची. ह्यांना झेंडा नको आणि तुम्हाला धाकधूक नको, तर हा तोडगा दोघांनाही चालावा. चिवितावेक्कियाहूनही रोमसाठी अशी बस बहुतेकदा असते. आगगाडीनं रोम तासाभरावर आहे आणि गाड्याही भरपूर, पण आदल्या आठवड्यात रेल्वेच्या संपाची बातमी तेवढी बघून ठेवा. इटलीत संप आधी जाहीर करूनच होतात.

आता सॅन्टोरिनी, कारण तिथे मी स्वतः फजीत झाले आहे. तिथे जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रात उभं राहतं आणि छोट्या बोटींनी तुम्हाला कड्याखालच्या जुन्या बंदरात सोडतात. वर फिरा नावाचं गाव. चढायला केबल कार, गाढवं, नाहीतर ५८८ पायऱ्या. आमची शेवटची बोट साडेचारची. सव्वातीनला केबल कारशी पोचलो, तर रांग गल्लीत वळून सोनारांच्या दुकानांपुढून मागे कुठवर गेली होती ते दिसेना. त्या दिवशी आणखी तीन जहाजं आली होती, हे मी सकाळीच मोजायला हवं होतं. वीस मिनिटांत आम्ही एका दुकानापासून शेजारच्या दुकानापर्यंत सरकलो. शेवटी पायऱ्यांनी उतरलो. गुळगुळीत दगड, त्यावर गाढवांची लीद, आणि वळणावर खालून घंटा वाजवत येणारा अख्खा कळप. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, ती घासून जातात. पायात माझ्या फॅशनच्या सपाता. बोट मिळाली, पण पुढचे दोन दिवस जिना उतरताना मी कठड्याला लटकत होते.

गंमत म्हणजे त्याच रांगेत सहलीचे स्टिकर लावलेली मंडळीही होती. त्यांना दुसऱ्या बंदरातून बसनं वर आणतात, पण बहुतेक सहली फिरामध्ये सुटतात आणि उतरायचं ज्याचं त्यानं. फरक एवढाच, की ती घामाघूम असली तरी निवांत होती. सासूबाई बरोबर आहेत म्हणून इथे सहल घ्या, आणि घेण्याआधी “उतरायचं कसं?” हे सहलींच्या काउंटरवर स्पष्ट विचारा. पायऱ्या आणि गाढवं दोन्ही त्यांच्यासाठी बाद.

नेपल्सला धक्का शहरातच आहे. पाँपेईला लोकल जाते, फक्त खच्चून भरते. सहलीनं गेलात तर कॅमिओच्या (शिंपल्यावर कोरलेल्या दागिन्यांच्या) कारखान्यात थांबवून ‘नुसतं बघा’ म्हणण्याची शक्यता धरून चला. आणि पाँपेईचे रस्ते म्हणजे ओबडधोबड लाव्ह्याचे दगड. सासूबाईंची हौस किती आणि गुडघे किती, ते त्यांनाच विचारा. परस्पर ठरवू नका, राग येतो. (मीही सासू आहे.) सहलींच्या यादीत ‘पॅनोरॅमिक’ दिसलं तर समजा, बरंचसं बसच्या काचेतून. त्यांना ते आवडेलही, पण रोममध्ये कलोसियम आतून बघायची आशा लावून बसलात तर हिरमोड होईल.

पिरियसला प्रवासच संपतो, तेव्हा तिथे जहाज चुकायची भीती नाही. मेट्रोनं अथेन्स. अक्रोपोलिसची वेळ ठरलेली तिकिटं मात्र आधी काढा.

एक घड्याळाचं. कोटोरहून ग्रीसला येताना वेळ एक तास पुढे जाते. तुमचा फोन किनाऱ्यावरच्या टॉवरचं ऐकतो, जहाज कप्तानाचं. दोघांचं जमेलच असं नाही. एकानं हातात साधं घड्याळ घालून ते जहाजाच्या वेळेवर ठेवा. ‘सगळे परत’ची वेळ सुटण्याच्या निदान अर्धा तास आधीची असते, स्वतः फिरताना मी तिच्याही दीड तास आधी धक्क्यावर असते, सॅन्टोरिनीनंतर तर दोन.

रोज रात्री खोलीत येणाऱ्या पत्रकावर बंदरातल्या जहाजाच्या एजंटाचा नंबर छापलेला असतो, जहाज चुकलंच तर फोन त्यालाच करायचा. उतरण्याआधी त्याचा फोटो काढा, तो ह्यांच्याही फोनवर पाठवा, आणि पासपोर्टची छायाप्रत चौघांच्याही खिशात असू द्या.