आरशासाठी सिलिकॉन कार्बाइडची ६ इंची डिस्क आहे, सेरियमने (काच पॉलिश करायची सेरियम ऑक्साइड पावडर) पॉलिश होईल का? डायमंड घ्यायचा तर किती मायक्रॉनचा?

सेरियमने नाही होणार. काचेवर सेरियम चालतं कारण तिथे पाण्यामुळे काचेचा वरचा थर मऊ पडतो आणि रसायनाचं पण काम होतं, नुसती घासाघाशी नसते. सिलिकॉन कार्बाइड त्याला दाद देत नाही, दिवसभर लॅप (पावडर लावून घासायची प्लेट) फिरवा, जॉब, म्हणजे डिस्क, होती तशीच. डायमंड पावडरच लागते. दाणा ९, ६, ३, १ आणि शेवटी पाव मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि मधली एकही ग्रेड गाळायची नाही.

हे जोरात सांगतोय कारण मी आधी ज्या वर्कशॉपला होतो तिथल्या साहेबांचं म्हणणं, डायमंड सगळ्यात कडक ना, मग ९ वरून थेट १ वर या, वेळ वाचेल. मी म्हटलं साहेब, ९ ने नुसते वर दिसणारे ओरखडे पडत नाहीत, खाली बारीक तडे जातात, ते ६ आणि ३ ने काढत आणायचे असतात, १ मायक्रॉन तेवढं मटेरियल काढायला आठवडे घेईल. ऐकतंय कोण. थेट १ वर गेले, आरसा मस्त चकाकला, साहेब खूश. मी खोलीतले दिवे बंद करून बाजूने टॉर्च मारला तर सगळीकडे कोळ्याच्या जाळीसारखे ओरखडे. तर म्हणे कोटिंग झालं की झाकलं जाईल! अॅल्युमिनियमचा थर मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढा, तो काय झाकणार, उलट ओरखडे जास्त उठून दिसतात. तसंच झालं, कस्टमरने जॉब परत पाठवला आणि आम्ही पुन्हा ६ पासून सुरुवात केली.

त्यात मीटिंगमध्ये साहेबांचं उदाहरण कुठलं, तर हर्शेल या अवकाश दुर्बिणीचं. साडेतीन मीटरचा सिलिकॉन कार्बाइडचा आरसा, १२ तुकडे जोडून केलेला, फिनलंडमध्ये पॉलिश झाला, २००९ ला अवकाशात गेला, "त्यांना जमतं, आपल्याला का नाही?" अहो, ती दुर्बीण ५५ मायक्रॉनच्या पुढच्या तरंगलांबीच्या इन्फ्रारेडमध्ये बघायची, आपला जॉब दिसणाऱ्या प्रकाशाचा, अर्ध्या मायक्रॉनचा, आणि तरंगलांबी जेवढी लहान तेवढा पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. शंभर पटीचा फरक आहे! साहेब आता प्रिसिजन फिनिशिंगवर ट्रेनिंग देतात म्हणे.

असो. प्रत्येक ग्रेडला लॅप वेगळा, ब्रश वेगळा, ग्लोव्ह्ज पण वेगळे, कारण ९ चा एक दाणा १ च्या लॅपमध्ये रुतला की संपलं. सुरुवातीला कथलाची प्लेट, शेवटच्या दोन ग्रेडला पिच (डांबरासारखा चिकट पदार्थ). कापडी पॅड नको.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं, डिस्क कुठल्या प्रकारची आहे ते बघा. रिअॅक्शन बॉन्डेड (वितळलेलं सिलिकॉन आत मुरवून केलेली) असेल तर आत मोकळं सिलिकॉन असतं, ते मऊ, आधी झिजतं आणि पृष्ठभागावर बारीक पायऱ्या तयार होतात, मऊ पॅडवर तर जास्तच. सिंटर्ड (पावडर दाबून भाजलेली) असेल तर छिद्रं राहतात, ती कितीही घासा जात नाहीत, म्हणून त्यावर सीव्हीडीचा (वायूतून जमवलेला सिलिकॉन कार्बाइडचा) थर चढवून मग तो पॉलिश करतात. तो थर पातळ असतो, जपून.

घरी टेलिस्कोप करायचा असेल तर मात्र सरळ बोरोसिलिकेट काच घ्या. सिलिकॉन कार्बाइड वजनाच्या मानाने ताठ, उष्णता पटकन पसरवतं, सगळं खरं, पण तुम्हाला गच्चीवरून चंद्र बघायचाय, उपग्रह थोडाच सोडायचाय.